सोलापूरच्या काळ्या रानात मेटल डिटेक्टर: जोडीनं जुनी नाणी शोधायची असतील तर

डिटेक्टर घेऊन शेतात उतरलात की बांधावरून पहिला प्रश्न हमखास येतो, "काय हुडकायलाव?" त्याच्या मागोमाग दुसरा, जरा आवाज उतरवून, "गुप्तधन हाय का?" या दुसऱ्या प्रश्नाला हसून सोडून देऊ नका. आपल्याकडे गुप्तधनाच्या नादात माणसं बळी गेलेली आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी प्रकारांचा समावेश आहे तो त्यामुळेच. रात्री बॅटरी लावून दोघं तिघं माळावर खणताना दिसले तर गावकरी काय समजतील आणि पोलीस पाटील कुणाला फोन लावतील, हे सांगायला नको. म्हणून पहिला नियम असा, की दिवसाउजेडी जायचं, गावात सांगून जायचं आणि विचारणाऱ्याच्या कानाला हेडफोन लावून द्यायचा. खिळ्याचा आवाज, तांब्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला की गूढ संपतं. कधी कधी तोच माणूस पुढं होऊन सांगतो, "आमच्या आज्याचं खळं त्या लिंबाखाली होतं." अशी माहिती कुठल्याही यंत्रात मिळत नाही.

यंत्र चालवणं थोड्या सरावानं येतं. कुठं खणायचं नाही हे कळायला जास्त वेळ लागतो. म्हणून या लेखात यंत्राच्या आधी जागेबद्दल लिहितो.

नांगरटीचा थर आणि त्याच्या खालचं जग

शेतात सापडणारी नाणी तिथं आली कशी, हे समजलं की निम्मं काम झालं. सोलापूर भागातली जुनी घरं माळवदाची. लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा थर, आणि ती पांढरी माती आणायची गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडावरून. हे टेकाड म्हणजे शेकडो वर्षांच्या वस्तीचा ढीग. पडलेल्या भिंती, राख, खापरं, हाडं, मणी असं सगळं त्यात. पांढरीची माती खत म्हणूनही शेतात गेली. घर पडलं की माळवदाचा मलबाही बांधावर किंवा रानात. शिवाय दरवर्षी उकिरडा उपसून शेणखत शेतात जातं आणि घरात झाडलोटीत गेलेला पैसा, जोडवं, घुंगरू त्याच्याबरोबर जातं. म्हणजे तुमच्या वावरात सापडलेलं नाणं बहुतेक वेळा मूळ जागेवरचं नसतंच. गाडीतून आलेलं आणि नांगरानं वर्षानुवर्षं वर-खाली केलेलं ते नाणं असतं.

असं नाणं उचललं तर इतिहासाचं फारसं बिघडत नाही. ते नेमकं कुठल्या थरातलं, हा पुरावा आधीच गेलेला असतो. पांढरीच्या टेकाडात मात्र प्रत्येक वस्तू जागच्या जागी असते. कुठल्या खापराशेजारी, कुठल्या जमिनीच्या वर, किती राखेखाली, हे सगळं मिळून तिचा अर्थ लागतो. ती उपटून काढलीत तर नाणं उरतं आणि त्याची माहिती जाते. म्हणून पायाखाली काळी-तांबडी खापरं, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, जुन्या विटा, राखाडी भुसभुशीत माती दाट दिसायला लागली की यंत्र बंद करायचं आणि मागं फिरायचं. मोह होतो, मान्य आहे. सगळ्यात चांगले सिग्नल तिथंच असणार हेही खरं. तरी नाही.

मग कुठं शोधायचं? खाजगी मालकीचं, नेहमी नांगरलं जाणारं रान. त्यातही जुनी खळी, बाभळी-लिंबाखालच्या जेवायच्या जागा, पाणंदीच्या कडा, विहिरीवरची मोटेची धाव, बैलगाड्या सुटायच्या त्या मोकळ्या जागा. खळ्यावर बलुतेदार जमायचे, देणंघेणं तिथंच व्हायचं, उपणताना कमरेचा पैसा निसटायचा. मागच्या पिढीतल्या माणसाला खळ्याची जागा बोटावर दाखवता येते. मळणी यंत्रं आल्यावर ती नांगरटीत गेली.

जिथं जायचंच नाही त्या जागा नीट लक्षात ठेवा. सोलापूरचा भुईकोट आणि कुठलंही संरक्षित स्मारक. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीनं संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरलं आहे. ते मुख्यतः बांधकामासाठी असलं तरी आपण या ३०० मीटरच्या आत यंत्र सुरूच करू नये असं माझं मत आहे. देवळांचं आवार आणि देवस्थानच्या इनाम जमिनी सोडा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आणि वनखात्याच्या जमिनीत अजिबात नाही. गायरान सरकारी असतं. उजनीचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की करमाळ्याकडं बुडालेल्या गावांच्या भिंती, पायऱ्या उघड्या पडतात आणि हौशी लोकांचे हात शिवशिवतात, पण ते क्षेत्र जलसंपदा खात्याचं आहे. आणि उठून गेलेलं गाव म्हणजे शेवटी पांढरच की! भीमाकाठच्या ब्रह्मपुरी-माचणूरचंही तेच. १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी तिथं होती. त्या परिसराचा रीतसर अभ्यास व्हायला हवा, आपण तिथं खुरपं घालू नये. पंढरपुरातल्या चंद्रभागेच्या वाळवंटाबद्दल वेगळं सांगायची गरज नसावी. ज्यानं विठोबासाठी पैसा पाण्यात टाकला त्यानं तो आपल्यासाठी टाकलेला नाही.

सातबारा बघा, मग हो म्हणवून घ्या

शेतकरी मित्राचं शेत आहे म्हणून गेलो, असं करू नका. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर टाकून सातबारा काढा. भोगवटादार म्हणून किती नावं आहेत ते बघा. चुलते, भाऊ, बहिणी अशी पाच-सहा नावं सामाईक असतील तर एकाची तोंडी परवानगी पुरत नाही. नाणं काळं-हिरवं निघालं तर कुणी काही म्हणणार नाही, पिवळं निघालं की सगळे हक्क एका दिवसात जागे होतात. इतर हक्कात बँकेचा बोजा असला तर आपल्याला त्याचं काही नाही. देवस्थान, शासन, वन असे शब्द दिसले तर तो गट सोडायचा. गावनकाशावरून गटाच्या हद्दी समजून घ्या आणि मालकाला बरोबर घेऊन बांध प्रत्यक्ष बघा. शेजारच्या बांधात एक पाऊल गेलं तरी भांडण लागतं, आणि आपल्याकडची बांधाची भांडणं नातवंडांपर्यंत चालतात.

संमतीपत्र साध्या कागदावर, मराठीत, चार ओळींचं पुरे. त्यात गट नंबर, तारखा, दोघांची नावं, खड्डे त्याच दिवशी बुजवणार, काही जुनं सापडलं तर मालकाला लगेच दाखवणार आणि कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणार, आणि वाटणी कशी, एवढं असावं. वाटणीचा उल्लेख का ते पुढं येईल. एक प्रत मालकाकडं, एक तुमच्याकडं. सरपंच आणि पोलीस पाटलांना आदल्या दिवशी फोन करा.

मित्र कशासाठी

एकट्यानं हा छंद करू नये असं मी स्पष्ट सांगतो. सोबत हवी, हे कारण आहेच. त्याहून मोठं कारण म्हणजे सापडलेल्या वस्तूला साक्षीदार लागतो. एकटा माणूस रानातून चांदीचा रुपया घेऊन आला तर तो कुठून आला हे कोण सांगणार?

कामाची वाटणी अशी करा. एकाच्या हातात यंत्र, कानाला हेडफोन. दुसऱ्याकडं खुरपं, पिनपॉइंटर (खड्ड्यात, ढिगात धातू नेमका कुठं आहे ते सांगणारी हातातली छोटी कांडी), चाळण आणि वही. यंत्रवाला फक्त ऐकतो आणि जागा दाखवतो. वहीवाला खणतो, खोली मोजतो, फोटो काढतो, नोंद करतो. तासाभरानं अदलाबदल. ऐकणारा थकला की त्याला प्रत्येक आवाज नाण्याचा वाटायला लागतो. अदलाबदलीचा आणखी एक फायदा असा, की "काय रे, खिळा असणार" म्हणून एकानं सोडलेला सिग्नल दुसरा उकरतो. दोघांकडं दोन यंत्रं असतील तर एकमेकांपासून निदान १०-१५ मीटर लांब राहा. जवळ आलात की दोन्ही किरकिरायला लागतात. प्रत्येकानं वेगळी फ्रिक्वेन्सी निवडली तर त्रास कमी होतो.

आणि पहिल्या दिवसाआधी दोघांनी बसून पैशाचं बोलून घ्या. संकोच वाटतो, तरी बोला. वस्तू कुणाच्या कॉइलखाली (यंत्राच्या खालच्या टोकाच्या चकतीखाली) आली याला महत्त्व न देता दोघंही शोधणारे, हा सगळ्यात सोपा करार.

यंत्र आणि काळी माती

डिटेक्टरच्या कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. खाली धातू असला की त्यात भोवरा प्रवाह तयार होतात, त्यांचं उलट क्षेत्र दुसरी कॉइल पकडते आणि यंत्र आवाज व आकडा देतं. सोप्या भाषेत, लोखंडाचा आकडा खालचा, ॲल्युमिनियमची पन्नी, शिशाचा बारीक तुकडा किंवा लहान सोनं मधलं, तांबं आणि चांदी वरची. हा आकडा म्हणजे अंदाज. खोली, वस्तूचा कोन, शेजारचा खिळा या सगळ्यांनी तो बदलतो.

युरोपातल्या लोकांचे व्हिडिओ बघून यंत्र घेणाऱ्यांना इथं निराशा येते. त्यांची माती आणि आपली माती वेगळी. आपली काळी जमीन बेसाल्ट झिजून झालेली, तिच्यात लोहाची चुंबकीय खनिजं भरलेली. यंत्राला सगळीकडूनच हलकं लोखंड ऐकू येतं. त्यामुळं व्हिडिओत वीत-सव्वा वीत खोल दिसणारं नाणं इथं त्याच्या निम्म्या खोलीवरही निसटू शकतं. म्हणून यंत्र घेताना ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज यंत्राला वगळायला लावणारी जुळवणी, स्वतः करता येतो का, हे आधी बघा. ती सोय नसलेलं स्वस्त यंत्र आपल्या भागात खेळणंच. मल्टी-फ्रिक्वेन्सी यंत्र परवडत असेल तर उत्तम, कारण खनिजयुक्त जमिनीत ती शांत चालतात. मायनलॅब, नोक्ता, गॅरेट ही नावं या छंदात चालतात. बिल आणि दुरुस्तीची सोय बघून घ्या. 'पन्नास फूट खोल सोनं दाखवणारं' यंत्र विकणारा भेटला तर नमस्कार करून निघा. कॉइल डीडी प्रकारची (आत इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी असलेली) घ्या, खनिजाच्या मातीत ती बरी पडते. मोठ्या कॉइलपेक्षा मध्यम, ११ इंचांच्या आसपासची सोयीची. खळ्याच्या जागी खिळ्यांचा कचरा दाट असतो, तिथं सहा इंचांची लहान कॉइल दोन लागून असलेल्या वस्तू वेगळ्या करून दाखवते.

ग्राउंड बॅलन्स असा करायचा. धातू नसलेली जागा शोधा, कॉइल जमिनीपासून गुडघ्याएवढी उचला आणि पुन्हा खाली आणा, हे करत करत आवाज सपाट होईपर्यंत बटण फिरवा. काळी माती संपून मुरूम लागला, किंवा ओलं-कोरडं बदललं की परत करा. संवेदनशीलता कमाल पातळीवर नेऊ नका. यंत्र बडबडायला लागलं की दोन पायऱ्या उतरा. शांत यंत्र कमी खोल बघतं, पण जे बघतं ते खरं असतं. लोहखनिज जास्त असलेले, गंजलेल्या रंगाचे दगड खोटा आवाज देतात. कॉइल थोडी वर उचलली की दगडाचा आवाज एकदम मरतो, नाण्याचा हळूहळू कमी होतो.

वरून वीजवाहिनी जात असेल, शेजारी मोटर चालू असेल किंवा रानडुकरांसाठी झटका मशीनचं कुंपण असेल तर यंत्र वेड्यासारखं वागतं. मालकाला सांगून तेवढा वेळ झटका बंद करून घ्या. तुमच्या जिवासाठीही ते बरं.

वाफसा

आपल्याकडं ज्वारी निघाली की, फेब्रुवारी-मार्चपासून, रानं मोकळी होतात. नांगरट झाल्यावर मोठाली ढेकळं उठतात आणि त्यावर कॉइल नीट फिरत नाही. खालची हवा जितकी जास्त तितकी खोली गेली. कुळवाची पाळी झालेलं रान बघा. भर उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, नाणी त्यातून खाली सरकतात. कोरडी माती सिग्नलही कमी देते.

खरी वेळ वळवाच्या पावसानंतरची. लगेच गेलात तर चार पावलांत बुटाला किलोभर चिखल. काही दिवस थांबा, वाफसा येऊ द्या. माती ओली पण हाताला न चिकटणारी झाली की आवाज खोलवरून आणि स्वच्छ येतात. पेरणीच्या आधीचे हे थोडे दिवस शेतकऱ्यालाही घाईचे असतात, तेव्हा त्याच्या कामाच्या आड येऊ नका. पेरलेल्या रानात पाय टाकायचा नाही.

ऊन चाळिशीच्या वर जातं. सकाळी सहाला सुरू करून दहाला आवरा. पाणी भरपूर, टोपी, पायात जाड बूट. ढेकळाखाली आणि बांधाच्या दगडांत फुरसं, घोणस, विंचू असतात. उघड्या हातानं दगड उचलू नका, आधी खुरप्यानं हलवा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या, कारण गंजलेल्या लोखंडाशी रोज गाठ आहे.

रान पिंजून काढताना

सगळं शेत फिरण्यापेक्षा दहा मीटर गुणिले दहा मीटरचा चौकोन घ्या. चार खुंट्या, सुतळी. कॉइल जमिनीला समांतर, दोन-तीन सेंटिमीटर वर. नवशिक्याचा हात दोन्ही टोकांना वर उचलला जातो, तो मित्रानं टोकत राहायचा. कॉइलखालचं क्षेत्र खाली निमुळतं होत जातं, म्हणून प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवा. हळू चाला. एक चौकोन उत्तर-दक्षिण झाला की पूर्व-पश्चिम फिरा. पहिल्या फेरीत न बोललेली नाणी दुसऱ्या दिशेनं बोलतात.

सिग्नल आला की नव्वद अंशांत फिरून परत ऐका. दोन्ही बाजूंनी तोच आवाज, तोच आकडा, आणि जागा जागच्या जागी, तर उकरा. एका बाजूनं छान आणि दुसऱ्या बाजूनं तुटका आवाज बहुधा वाकड्या खिळ्याचा. मोठं लोखंड फसवतं. वखराची पास, नांगराचा फाळ, गाडीच्या चाकाची धाव यंत्राला चांदीसारखी ऐकू येऊ शकते. आवाज कॉइलभर पसरलेला असेल आणि कॉइल फूटभर उचलूनही येत असेल तर ते मोठं आहे, नाणं नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत लोखंड सोडून प्रत्येक सिग्नल उकरा, कचराही. तोच खरा अभ्यास. बिअरच्या बाटलीची बुचं, मोटरच्या वायरचे तुकडे, ठिबकच्या जोडण्या, १९६४ नंतरचे ॲल्युमिनियमचे पैसे, यांचे आवाज कानात बसले की वेगळा आवाज आपोआप कळतो.

खणताना खुरपं नाण्याच्या डोक्यावर मारू नका. जागेभोवती वीतभर व्यासाचं वर्तुळ धरून बाहेरून आत या. टिकाव नको. माती चाळणीवर काढा, पिनपॉइंटरनं आधी ढिगात बघा मग खड्ड्यात. खोलीची मर्यादा आधीच ठरवून घ्या. नांगर जिथपर्यंत जातो तिथपर्यंतच, म्हणजे साधारण वीतभर. रंग बदलला, माती घट्ट लागली, किंवा सिग्नल अजून खालीच आहे असं दिसलं तर थांबा. त्या थराखाली जे आहे ते नांगरानं हलवलेलं नाही. खड्डा बुजवा, पायानं दाबा. प्लास्टिक, पत्रे, वायर सगळं पिशवीत. निघताना मालकाला ती कचऱ्याची पिशवी दाखवा, पुढच्या वर्षीची परवानगी त्यातूनच मिळते.

काय सापडतं आणि ते ओळखायचं कसं

बहुतेक वेळा बैलांच्या पत्र्या, खिळे, कुलुपाचे अवशेष, पितळी घुंगरं, जोडवी, भांड्याचे काठ. नाण्यांत सगळ्यात जास्त ब्रिटिश काळातली तांबड्या धातूची: पाव आणा, एक पै, आणि १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा. व्हिक्टोरियाच्या नाण्यावर 'क्वीन' असेल तर १८७७ च्या आधीचं, 'एम्प्रेस' असेल तर नंतरचं. तराजू आणि त्याच्या पारड्यांमध्ये फारसी लिपीत 'अदल' असा शब्द असलेलं तांब्याचं नाणं मुंबई इलाख्याचं, कंपनीच्या काळातलं. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. १९४० पासून त्यातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा.

आपल्या जिल्ह्याची गंमत सीमेमुळं आहे. नळदुर्ग, तुळजापूर, परांडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, म्हणून चारमिनार असलेला हाली सिक्का बार्शी-अक्कलकोटकडच्या रानात निघाला तर आश्चर्य नको. बाजाराला ये-जा होतीच. त्याआधीची बहमनी आणि आदिलशाही तांब्याची नाणी जाड, ओबडधोबड, अक्षरं अर्धवट. साच्यापेक्षा नाणं लहान असायचं, त्यामुळं पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच मिळतो. औरंगजेबाच्या काळात सोलापूर टांकसाळीचे रुपयेही पाडले गेले. शिवराई मात्र ओळखायला सोपी. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. मधल्या रेषेच्या जागी दोन आडव्या दांड्या असतील तर ती पेशवाईतली दुदांडी, वजनालाही हलकी. सातवाहनांची शिशाची आणि पोटीन या मिश्रधातूची नाणी बघायची असतील तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयात जा. तो संग्रह रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात, रानात सापडणाऱ्या वस्तू जपून उभा केला आणि आता तो शासकीय संग्रहालय आहे. डिटेक्टर हातात घेण्याआधी तिथं एक दिवस घालवावा असं मला मनापासून वाटतं. डोळा तिथं तयार होतो.

'१८१८ ईस्ट इंडिया कंपनी' असं लिहिलेलं आणि मागं राम दरबार असलेलं नाणं कुणी दाखवलं तर ते कंपनीनं पाडलेलं नाही. तो जत्रेतला टोकन आहे, कितीही जुना दिसला तरी.

घासू नका

घरी आणल्यावर आई किंवा बायको चिंच, लिंबू, पीतांबरी घेऊन पुढं येईल. हात जोडून थांबवा. हिरवट-तपकिरी थर तांब्याचं रक्षण करतो, घासलं की अक्षरांची धार जाते आणि अभ्यासकाच्या दृष्टीनं नाणं मेलं. डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा, पाणी रोज बदला, मऊ ब्रशनं सुटेल तेवढीच माती काढा, सावलीत पूर्ण वाळवा. फिकट हिरवी पावडर सुटत राहिली तर तो क्षारांचा रोग आहे. ते नाणं वेगळं काढा, सिलिका जेलसह बंद डबीत ठेवा. पीव्हीसीच्या चकचकीत पाकिटात नाणी ठेवू नका, कागदी पाकीट बरं.

वहीत प्रत्येक वस्तूला क्रमांक. गट नंबर, मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश, खोली, वजन, व्यास, शेजारी काय होतं, तारीख, दोघांच्या सह्या. वजनाला सोनाराकडं असतो तसा ०.१ ग्रॅमचा काटा घ्या. फोटो दोन्ही बाजूंचे, शेजारी पट्टी ठेवून, तिरप्या उजेडात.

कायदा नेमका काय सांगतो

१८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली कुठलीही मोलाची वस्तू म्हणजे निधी, आणि तिचं मोल दहा रुपयांहून जास्त असेल तर शोधणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना शक्य तितक्या लवकर लेखी कळवायचं. काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठं, कोणत्या तारखेला. शिवाय ती वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. दहा रुपये ही मर्यादा १८७८ ची आहे. आज साधी शिवराईही तिच्यात बसते. म्हणून 'एकच तर नाणं आहे' असा विचार करू नका. अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. न कळवल्यास तुमचा वाटा शासनजमा होतो, आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लपवायला मदत करणाऱ्या जमीनमालकालाही शिक्षा आहे, हे त्याला संमतीपत्राच्या वेळीच सांगा.

कळवल्यावर जाहीर नोटीस निघते आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांची मुदत मिळते. कुणाचाच हक्क सिद्ध झाला नाही आणि निधी बेवारस ठरला, तर आधी काही करार नसल्यास तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला. करार असेल तर करारानुसार. संमतीपत्रात वाटणी लिहायची ती याचसाठी. शासनाला निधी हवा असेल तर धातूच्या मोलावर एक पंचमांश जास्त देऊन तो घेता येतो.

मडकं लागलं, एकाच जागी पाच-दहा नाणी चिकटलेली दिसली, तांब्याचं पात्र, मूर्ती, ताम्रपट, काहीही असं लागलं तर तिथंच थांबा. बाहेर काढू नका, मोजू नका. फोटो, अक्षांश-रेखांश, वरून माती परत टाकून झाकणं, मालकाला सांगणं. मग एकानं जागेवर थांबायचं आणि दुसऱ्यानं तहसील कार्यालय गाठायचं. मित्र बरोबर असण्याचा सगळ्यात मोठा उपयोग या घडीला होतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो टाकू नका, संध्याकाळपर्यंत तिथं जेसीबी उभा राहील. जिल्हाधिकाऱ्यांच्या अर्जाची एक प्रत राज्य पुरातत्त्व संचालनालयाला पाठवा. सोलापूर विद्यापीठातल्या पुरातत्त्वाच्या प्राध्यापकांना कळवलंत तर जागा नीट तपासली जाण्याची शक्यता वाढते.

विकण्याबद्दल थोडक्यात. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात पुरावशेष ठरतं. त्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. 'तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो देतो, आधी नोंदणी फी भरा' असे फोन आले तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की ती असा व्यवहार करत नाही आणि त्यासाठी कुणाला फी घ्यायचा अधिकारही दिलेला नाही. फी भरून बसला असाल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.